‘असू शकतं’वर घोडा विकू नका

पत्र:

ताई, आमचा बादल ११ वर्षांचा आहे. थरोब्रेड, रेसमधून बाहेर पडलेला. ४ वर्षांपूर्वी मुलीसाठी घेतला. ती आता १५ची आहे, त्याच्यावर ८०-९० सेंटिमीटरच्या उड्या घेते. दिवाळीपासून तो पुढच्या डाव्या पायाने लंगडतोय. आठ दिवस विश्रांती दिली की बरा, काम सुरू केलं की पुन्हा तेच. घोड्याची देखभाल करणारा साईस म्हणाला खांदा आखडलाय, म्हणून महिनाभर तेल चोळलं. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डाव्या खुराच्या वर, मागच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत डाव्याची लंगड गेली आणि घोडा उजव्याने लंगडायला लागला! डॉक्टर म्हणाले, “नॅव्हिक्युलर असू शकतं, एक्स-रे काढून बघू.” रात्री इंटरनेटवर वाचलं तर सगळीकडे ‘बरा न होणारा आजार’. ओळखीतला एक दलाल म्हणतो, एक्स-रे काढूच नका, कागदावर आलं की भाव गेला. आत्ताच द्या, वरातीच्या धंद्यात खपून जाईल. मुलगी धड जेवत नाही, म्हणते माझ्या उड्यांमुळेच झालं. काय करू?
– एक बाप, सासवड परिसर

उत्तर:

दादा, दलालाला आधी ‘नाही’ म्हणून टाका आणि मग पुढचं वाचा.

घोडा विकायला माझा विरोध नाही. परवडत नसेल तर माणूस विकतो, त्यात पाप नाही. पण लपवून विकणं वेगळं, आणि वरातीला विकणं त्याहून वेगळं. तुमच्या बादलला जे काही झालंय ते खुराच्या मागच्या भागात आहे, एवढं तरी आता नक्की आहे. वरातीतला घोडा तासन् तास डांबरावर उभा असतो, ढोल लागला की त्याला जागच्या जागी नाचवतात, पाठीवर शेरवानीतला नवरदेव आणि पुढ्यात एखादं पोर. दुखऱ्या खुराला याच्याइतकं वाईट काम मला तरी दुसरं सुचत नाही. घेणारा सकाळी दुखणं मारायचं औषध देईल, संध्याकाळी वरात काढेल, आणि लग्नसराई संपली की घोडा आणखी पुढच्या हातात जाईल. दलालाला हे सगळं ठाऊक असतं. ‘खपून जाईल’ हा त्याचाच शब्द आहे ना?

आता डॉक्टरांकडे येऊ. तुमचे डॉक्टर मला आवडले. ‘आहे’ म्हणाले नाहीत, ‘असू शकतं’ म्हणाले. हा फरक तुम्ही रात्री दोन वाजता मोबाइलवर हरवून बसलात.

त्या इंजेक्शनने नेमकं काय कळलं ते सांगते. खुराच्या मागे दोन्ही बाजूंनी नसा खाली उतरतात. त्या बधिर केल्या की टाचेकडचा भाग आणि तळव्याचा बराचसा भाग बधिर होतो. लंगड थांबली, म्हणजे दुखणं त्या भागात आहे. खांद्यात नाही. (साईसवर रागावू नका. दोन्ही पुढचे पाय दुखत असले की घोडा मान फार हलवत नाही, नुसती आखूड, ठेचकाळत पावलं टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं खांदा आखडलाय. महाराष्ट्रात अशा कितीतरी निरोगी खांद्यांना तेल पाजलं गेलंय.) डावा बधिर होताच उजवा लंगडू लागला, म्हणजे उजवाही दुखतच होता, डाव्याच्या जास्त दुखण्यामागे झाकला गेला होता. एकाच खुरात पू झाला असता किंवा एखादा खिळा चुकीचा बसला असता तर असं सहसा झालं नसतं. त्यामुळे डॉक्टरांचा संशय रास्त आहे. पण त्याच भागात खुराचा सांधा आहे, स्नायूबंध आहेत, टाचांचा मऊ गादीसारखा भाग आहे, दबून जखमी झालेला तळवा असू शकतो. यातलं कुठलंही दुखणं त्या एका इंजेक्शनने तितकंच थांबलं असतं.

नॅव्हिक्युलर हे मुळात एका हाडाचं नाव आहे. माणसाच्या बोटाच्या दोन पेरांएवढं, होडीच्या आकाराचं हाड, खुराच्या आत खोलवर, सांध्याच्या मागे आडवं बसलेलं. पायाच्या मागून एक जाड स्नायूबंध खाली येतो, या हाडावरून वळतो आणि खुराच्या मुख्य हाडाला तळाशी जाऊन चिकटतो. विहिरीवरची कप्पी आठवा. दोर म्हणजे स्नायूबंध, कप्पी म्हणजे हे हाड. दोघांमध्ये घर्षण होऊ नये म्हणून एक छोटी पाण्याची पिशवी असते. ४५०-५०० किलोच्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर, आणि प्रत्येक पावलाला टाच उचलायच्या क्षणी दोर सगळ्यात जास्त ताणलेला. कप्पी झिजते, पिशवी सुजते, दोराचे धागे सुटतात, हाडाला धरून ठेवणारे बंध दुखावतात. यातलं काहीही एकेकटं किंवा सगळं मिळून झालं तरी लोक नाव एकच देतात. म्हणून हल्ली जाणकार डॉक्टर ‘नॅव्हिक्युलर रोग’ म्हणण्यापेक्षा ‘टाचेचं दुखणं’ असं मोघम म्हणणं पसंत करतात. मोघम आहे, पण प्रामाणिक आहे.

एक्स-रे जरूर काढा. दोन्ही पायांचा, नाला काढून, खुराच्या खाचा स्वच्छ करून, कारण खाचेत अडकलेला खडा किंवा माती फोटोत हाडातल्या भोकासारखी दिसते. एका बाजूने काढलेला एकच फोटो पुरत नाही; बाजूने, समोरून तिरपा आणि टाचेच्या मागून, वरून खाली बघणारा, असे निदान तीन कोन हवेत. उचलून तबेल्यात आणता येणारी यंत्रं आता निघाली आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा. नाहीतर तुमच्याहून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, परळचंही आहे. आधी फोन करून घोड्याच्या खुराचे हे सगळे कोन काढून मिळतील का ते विचारा, मगच घोडा गाडीत चढवा.

मात्र फोटो हातात आल्यावर तो कुंडलीसारखा वाचू नका. हाडात बदल दिसतात तरी मजेत पळणारे घोडे आहेत, आणि फोटो स्वच्छ असून पाऊल न टाकणारेही आहेत, कारण स्नायूबंध आणि पिशवी एक्स-रेत दिसतच नाहीत. ते दिसतं एमआरआयमध्ये, पण घोड्याचा एमआरआय हे तुमच्या-माझ्या खिशाचं प्रकरण नव्हे. त्यासाठी कर्ज काढायला मी सांगणार नाही.

त्यापेक्षा तेवढं लक्ष खुराकडे द्या. माझ्या मते अर्धा निकाल इथे लागतो.

रेसमधून आलेल्या थरोब्रेडचे खूर तुम्ही नीट पाहिलेत का? खुराचा पुढचा भाग लांब वाढलेला, टाचा खाली बसलेल्या, पुढे सरकलेल्या. भिंत पातळ, खिळा धरत नाही. दुसऱ्या वर्षापासून पळायला लागलेले हे घोडे, हलक्या नाला, घाईघाईची तासणी. खूर पुढून लांब असला की टाच उचलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो दोर त्या कप्पीवर जास्त ताणून बसतो. टाच दुखते म्हणून घोडा टाचेवर उतरायचं टाळतो, आधी पुढची कड टेकवतो. टाचा वापरात नाहीत म्हणून आणखी आक्रसतात. हे चक्र तोडायचं काम नालबंदाचं आहे, गोळीचं नाही.

उद्या सकाळी हे करा. मुलीला मोबाइल घेऊन जमिनीवर बसवा, साईसला बादलला कडक सपाट जमिनीवरून चालवत न्यायला सांगा, आणि तिला बाजूने संथ गतीचा व्हिडिओ काढू दे, फक्त खुरांचा. मग थांबवून थांबवून बघा. निरोगी घोड्याचं पाऊल टाचेवर, निदान सपाट तरी उतरतं. बादलची पुढची कड आधी टेकत असेल, तर क्षणभर तो चवड्यांवर उभा राहिल्यासारखा दिसेल. मग दुडक्या चालीने सरळ रेषेत, मग डावीकडे वळून, मग उजवीकडे. वळताना आतल्या पायाने जास्त लंगडतो का बघा. मान वर उचलेल तेव्हा दुखरा पाय जमिनीला लागलेला असेल, मान खाली जाईल तेव्हा चांगला. तबेल्यातही सकाळी लवकर, कोणी जागा होण्याआधी, डोकावा. एक पाय पुढे काढून, टाच हलकी ठेवून उभा असतो का? भुशाचा ढीग करून त्यावर टाचा टेकवून उभा राहतो का? माझी एक घोडी हे करायची. मी दोन महिने साईसवर ओरडत होते की भुसा नीट पसरत नाहीस म्हणून. तो बिचारा रोज रात्री सपाट करायचा, ती रोज पहाटे टाचांखाली उशी करून घ्यायची. ती मला सांगत होती आणि मी केरसुणी शोधत होते.

नालबंद आणि डॉक्टर यांना एकाच वेळी, एकाच तबेल्यात, तोच एक्स-रे हातात धरून उभं करा. हे जमवणं घोड्याला बरं करण्याहून अवघड असतं, मला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात नालबंदाला कळत नाही, नालबंद म्हणतो डॉक्टरने आयुष्यात खूर तासला नाही. चहा पाजा, पण जमवा. बाजूने काढलेल्या फोटोवर खूर पुढून किती कमी करायचा ते मोजून ठरवता येतं. पुढचा भाग आखूड, पाऊल लवकर उलटेल अशी नाल, टाचेला मागपर्यंत आधार. टाचेखाली पाचर देऊन ती उंच केली की दोर लगेच सैल पडतो आणि घोडा दुसऱ्या दिवशी बरा वाटतो. म्हणून बरेच जण खूश होऊन पाचर वर्षानुवर्षं ठेवतात आणि आधीच दबलेल्या टाचा आणखी चिरडतात. पाचर आधारापुरती, कायमची नव्हे. आणि तासणी दर ५-६ आठवड्यांनी, ठरलेल्या दिवशी. ‘अजून नाल टिकलीय, पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य आता घरातून बाद.

खुराची भिंत महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. पुढून पूर्ण नवा खूर यायला वर्ष जवळ येतं. म्हणून पहिल्या नालेनंतर आठ दिवसांत निकाल मागू नका. निदान तीन नालबंद्या जाऊ द्या, चार महिने धरा. त्या दिवशी पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच जागेवर, त्याच कोनातून.

तोवर उड्या बंद, लांब दोरीवर गोल गोल फिरवणं बंद, डांबर बंद. पण पायात दावं घालून नुसता उभाही करू नका. डॉक्टरांनी स्नायूबंध फाटल्याचा संशय घेतला नसेल तर सपाट, मऊसर जमिनीवर हाताने धरून चालवणं रोज हवं. तुमच्याकडे मुरमाड जमीन असणार, खडे वेचून एक पट्टा तयार करा. फार खोल वाळू नको, तिच्यात दोर उलट जास्त ताणतो. आणि चंदी कमी करा! काम थांबलं आणि ओट्स-चणे तेच राहिले तर महिन्यात ३० किलो चढतील आणि ते सगळे त्याच दोन टाचांवर.

औषधांचं बोलते, कारण इथे मी स्वतः माती खाल्लेली आहे. त्याच घोडीला मी फेनिलब्युटाझोन हे दुखणं मारणारं औषध देऊन एका स्पर्धेला उतरवलं होतं. दोन दिवस पावडर दिली, घोडी लोण्यासारखी चालली, मला वाटलं दुखणं गेलं. दुखणं गेलं नव्हतं, तिला ते कळणं गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती पाय टेकवेना. पुढचे सहा महिने मी त्या एका रंगीत फितीची किंमत मोजली. दुखणं कमी करायची औषधं घोड्याला आराम मिळावा म्हणून द्यायची असतात, काम करून घेता यावं म्हणून नव्हे. मात्रा आणि दिवस डॉक्टर ठरवतील; जास्त दिवस दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर येतं. आणि कोणी स्वस्तातलं डायक्लोफेनॅक हातात देईल, तर घेऊ नका. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, माणसांच्या बाटलीतून भरून देणारे महाभाग तरीही सापडतात.

सांध्यात किंवा त्या पिशवीत स्टिरॉइडचं इंजेक्शन, हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधं, हे पर्याय आहेत, काही घोड्यांना काही महिने चांगला फरक पडतो. पण नाल सुधारल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नका. बिस्फॉस्फोनेट आणि दुखणं मारणारी औषधं एकत्र दिली तर मूत्रपिंडाला धोका असतो, त्यामुळे घरात काय काय देताय ते डॉक्टरांपासून लपवू नका, आयुर्वेदिक पावडरसुद्धा.

शेवटचा पर्याय म्हणून टाचेची नस कापतात. कोणीतरी तुम्हाला सांगेलच, ‘नस कापा, घोडा नवा होतो.’ होतो, काही काळ. पण मग खुरात काच घुसली, पू झाला, दोर तुटायला आला, तरी त्याला मागच्या भागात समजत नाही. नस पुन्हा वाढू शकते, कापल्या जागी दुखरी गाठ होऊ शकते. मी माझ्या घोडीची कापली नाही. रोज खूर उचलून तपासणारा माणूस घरात असेल तरच विचार करा.

आता मुलगी. तिला ‘तुझी काही चूक नाही गं’ म्हणून गप्प करू नका, १५ वर्षांच्या मुलीला बनवाबनवी लगेच कळते. तिला खरं सांगा. उडीनंतर उतरताना पुढच्या पायांवर भार येतो, त्यामुळे दुखणं वाढलं असेल. पण ते सुरू होण्यामागे त्याची खुरांची ठेवण आहे, रेसमधली वर्षं आहेत, वय आहे, तासणी आहे. तासणीचे पैसे कोण देत होतं? तुम्ही. किती आठवड्यांनी देत होता? बघा, वाटून घेतलं की ओझं हलकं होतं. तिच्याकडे एक वही द्या: तारीख, जमीन कुठली, किती मिनिटं चालवलं, पाऊल कसं उतरलं, औषध दिलं का. डॉक्टरांना या वहीचा जितका उपयोग होईल तितका आपल्या ‘थोडा बरा वाटतोय’चा होत नाही. आणि एक्स-रेच्या दिवशी तिला शाळा बुडवू द्या.

चार महिन्यांनी काय होईल ते आज मला सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. पण शक्यता सांगून ठेवते, म्हणजे रात्री दोनला शोधत बसणार नाही. कदाचित नुसत्या नालबंदीने तो मोकळा होईल आणि बेताच्या उड्यांनाही परत येईल. कदाचित उड्या कायमच्या जातील, पण मऊ रस्त्यावरची रपेट राहील. माझी घोडी अशी नऊ वर्षं होती, शेवटची काही वर्षं शेजारच्या लहान मुलांना पाठीवर घेऊन अंगणात फिरायची आणि त्याबद्दल तिला स्पर्धेइतकाच गर्व होता. कदाचित तो पाठीवर कुणालाच घेणार नाही. तेव्हा प्रश्न पैशांचा येईल, तो खरा प्रश्न आहे आणि त्याची लाज नको. नीट विचार करून, एक्स-रे पुढ्यात ठेवून, ज्याला नुसता जोडीला घोडा हवाय अशा माणसाला देऊन टाकता येतो, फुकट असेल तर फुकट. मुलीला मात्र आत्ताच सांगा की दुसरा घोडा लगेच येणार नाही. तिची उड्यांची हौस क्लबच्या घोड्यावर भागू द्या, त्यात बादलशी बेइमानी नाही. हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय, माझ्या नाही.

आणि एक. या वेळी नालबंद जुन्या नाला काढेल, त्या दारावर ठोकायला कुणाला देऊ नका इतक्यात. पुसून, उन्हात धरून बघा, पुढची कड टाचेकडच्या टोकांपेक्षा जास्त झिजलीय का. डावी आणि उजवी शेजारी शेजारी ठेवा. एक्स-रे काढलात की त्याच्याबरोबर या दोन्ही नालांचाही फोटो मला पाठवा, तळाकडून.